आजीचा हात थांबतो तिथे कट मारू नकोस

पत्र:

ताई, मी कळव्याला राहते, ठाण्यात मास मीडियाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. आम्ही सहा जणांनी मिळून १८ मिनिटांची फिल्म केलीय. ठाण्याच्या चेंदणी कोळीवाड्यातल्या एका आजीची गोष्ट आहे, नवरा गेल्यापासून त्याची होडी काठाला तशीच पडून आहे आणि नातवाला ती विकायचीय. फिल्मचं एडिटिंग संपून ती लॉक झाली पण टीझर काही केल्या जमेना. नऊ व्हर्जन झाली, आत्ताचं १ मिनिट ५२ सेकंदांचं आहे. डिरेक्टरला सगळंच हवंय, ड्रोन, फ्लेमिंगो, नारळी पौर्णिमेची मिरवणूक, आणि शेवटी आजी होडीवर कुऱ्हाड घालते तो शॉट पण. तो म्हणतो तोच आपला सगळ्यात पॉवरफुल शॉट आहे, तो नाही टाकला तर बघायला कोण येणार. मला तो टाकायचा नाहीये पण का ते मला धड सांगता येत नाही. मित्रांना दाखवला तर सगळे "भारी, एकदम पिक्चरसारखं" म्हणाले, पण फिल्म कशावर आहे विचारलं तर एकालाही नीट सांगता आलं नाही. म्युझिक तात्पुरतं एका इंग्लिश ट्रेलरचं लावलंय. कॉलेजचा फेस्टिव्हल १२ दिवसांवर आलाय. मी एडिटर म्हणून कमी पडतेय का? लिंक पाठवतेय, वेळ मिळाला तर बघा.

उत्तर:

अगं, वेळ मिळाला तर काय, चार वेळा बघितला. पहिल्यांदा काल संध्याकाळी ठाण्याहून कोपरखैरण्याला घरी येताना गाडीत, उभ्याने, कानात काही न घालता मोबाइलच्या स्पीकरवर, कारण तुमचा टीझर निम्मे लोक असाच बघणार आहेत. मग घरी आल्यावर एकदा आवाज पूर्ण बंद करून. मग एकदा नुसतं ऐकलं, स्क्रीन पालथी ठेवून. आणि शेवटी लॅपटॉपवर थांबवत थांबवत कट मोजत गेले तर ७४ शॉट निघाले. ११२ सेकंदांत ७४ शॉट, म्हणजे एका शॉटला सरासरी दीड सेकंद, सेकंदाला २५ फ्रेमच्या हिशोबाने ३८ फ्रेम. त्यात तुझी आजी तिच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय घेतेय.

शेवटच्या प्रश्नाचं आधी सांगते, कारण मला वाटतं झोप त्यानेच उडालीय. कमी पडत नाहीयेस. कुऱ्हाडीचा शॉट नको हे तुला आतून कळलंय ना, मग झालं, ते कळणं हाच एडिटरचा अर्धा जीव असतो. कारण नंतर सापडतं. ते आज आपण शोधू, म्हणजे तुला डिरेक्टरसमोर नुसतं "मला नाही आवडत" म्हणून बसायला नको.

पण त्याच्याआधी मला ४१व्या सेकंदाबद्दल बोलायचंय, कारण माझ्या मते तुमचा अख्खा टीझर तिथे आहे आणि तू तो कापून टाकलायस.

आजी ओटीवर बसून जाळं दुरुस्त करतेय. कॅमेरा तिच्या हातांवर. पाठीमागून नातवाचा आवाज येतो, "पन्नास हजार देतोय तो." सुई जाळ्यातून वर येते, दोरा ओढला जातो, आणि अर्ध्यावर हात थांबतो. चेहरा दिसत नाही, नुसता हात, अंगठ्याजवळ ती जुनी जखम आणि बोटावर ताणलेला दोरा. आणि हात थांबतो न थांबतो तोच तू मिरवणुकीवर कट मारलास! मी फ्रेम फ्रेम पुढे जाऊन बघितलं, हात थांबल्यावर तू फक्त ६ फ्रेम ठेवल्यायस. पाव सेकंदसुद्धा नाही. पहिल्या दोन वेळा तर मला तो हात थांबलेला कळलाच नव्हता, शेवटी लॅपटॉपवर दिसला आणि मी खरंच खुर्चीत सरळ बसले.

आज रात्री काही करू नकोस, फक्त रशेस, म्हणजे शूट केलेलं सगळं न कापलेलं फुटेज, उघड आणि तो टेक पूर्ण बघ. हात थांबल्यानंतर पुढे काय आहे? पुन्हा सुई चालायला लागते का, किती वेळाने लागते, मधे ती वर बघते का, डिरेक्टर "कट" कुठे ओरडतो. मला खात्री वाटते तिथे तीन-चार सेकंद तरी आहेत, कारण त्या काकूंनी (ज्या कुणी आजीचं काम केलंय, त्यांना माझा नमस्कार सांग) हात अभिनय म्हणून थांबवलेला दिसत नाही, त्यांनी ते वाक्य ऐकलंय आणि हात थांबलाय. असं फुटेज पैसे देऊन मिळत नाही ग.

आता कुऱ्हाड. ट्रेलर आणि टीझर यात आपण सगळे गल्लत करतो, मीसुद्धा सुरुवातीला केली. ट्रेलर माणसाला सांगतो की आत काय काय आहे, गोष्ट काय, माणसं कोण, भांडण कशावरून, चल तिकीट काढ. टीझरने एवढं सगळं करायचं नसतं, त्याने एक प्रश्न मनात टाकायचा आणि निघून जायचं. तुमचा प्रश्न कुठला, तर आजी होडी देणार का. बस. त्याच्यापुढे एक शब्द नाही. आणि कुऱ्हाड हे त्या प्रश्नाचं उत्तर आहे. ती होडी विकत पण नाही आणि ठेवत पण नाही, स्वतःच्या हाताने मोडते, हे कळायला फिल्ममध्ये १७ मिनिटं लागतात आणि तेवढी लागलीच पाहिजेत. टीझरमध्ये तो शॉट आला की हॉलमधला प्रत्येक माणूस पहिल्या मिनिटापासून कुऱ्हाडीची वाट बघत बसणार, नातू प्रेमाने बोलला तरी, आजी हसली तरी, सगळ्यांच्या डोळ्यांपुढे कुऱ्हाडच. आणि ती एकदा आली की "हां आली" म्हणून मोबाइल काढणार. तुमचा सगळ्यात पॉवरफुल शॉट तुम्हीच बोथट करून ठेवणार.

हे मी ऐकीव सांगत नाहीये. मी एका चॅनेलच्या प्रोमो डिपार्टमेंटला नवीन होते तेव्हा एका सिरीयलच्या प्रोमोत दरवाजा उघडतो आणि मेलेला समजलेला भाऊ उभा आहे हे मी दाखवून टाकलं, कारण तो शॉट जबरदस्त होता, लाइट काय सुंदर पडला होता. वरच्यांनी पाठ थोपटली. रात्री त्या सिरीयलच्या लेखकाचा फोन आला, चिडला नव्हता, फक्त म्हणाला की दोन महिने मी त्या दारापर्यंत लोकांना आणत होतो. मला आजही तो आवाज आठवतो, आणि त्यानंतर प्रत्येक प्रोमोच्या वेळी मी आधी कागदावर लिहिते की प्रश्न काय आणि उत्तर काय, आणि उत्तराचे सगळे शॉट एका वेगळ्या बिनमध्ये, म्हणजे सॉफ्टवेअरमधल्या फोल्डरमध्ये, टाकून ते बिन बंद करते.

पण डिरेक्टरचं म्हणणं पण अगदीच चुकीचं नाहीये हां. त्याला जोर हवाय, शेवटी छातीत धक्का बसला पाहिजे असं त्याला वाटतंय, आणि ते बरोबर आहे. म्हणून त्याला कुऱ्हाड दे, पण नुसती ऐकू दे. टीझरच्या शेवटी स्क्रीन काळी कर, पूर्ण शांतता, दीड सेकंद, आणि लाकडावर एक घाव, ठक. मग नाव. त्या एका आवाजात काय आहे बघ, होडी दुरुस्त करतानाही ठोकतात आणि मोडतानाही ठोकतात, बघणाऱ्याला कळणारच नाही की काय चाललंय, जोडणं की तोडणं. आणि फिल्म बघून झाल्यावर ज्याला टीझर आठवेल त्याच्या अंगावर काटा येईल. तो आवाज तुमच्या लोकेशन साउंडमध्ये स्वच्छ नसेल तर पुन्हा रेकॉर्ड करा, जाड जुन्या लाकडावर, उघड्यावर, आणि दहा-बारा घाव घ्या म्हणजे निवडता येईल. इंटरनेटवरचा तयार "वुड हिट" लावू नकोस, तो सगळ्यांच्या रीलमध्ये असतो, कानाला लगेच कळतं.

मग मधे काय ठेवायचं? ४५ सेकंद धर, जास्तीत जास्त ५०. २५ फ्रेमने ४५ सेकंद म्हणजे ११२५ फ्रेम, त्यातल्या शंभरेक फ्रेम तर एकट्या थांबलेल्या हाताला द्यायच्यात. तुला भीती वाटेल की चार सेकंद एकच शॉट म्हणजे लोक स्क्रोल करतील. करणारे करतील. पण त्या आधीचे शॉट तू कसे ठेवतेस त्यावर आहे ते, आधी जर सुईची लय बसवलीस, वर, खाली, ओढ, वर, खाली, ओढ, आणि कट त्या लयीवर पडत गेले, तर हात थांबल्यावर बघणाऱ्याचा श्वास आपोआप थांबतो, त्याला कळतही नाही का. आत्ता तुझे कट म्युझिकच्या धडाम धडामवर पडतायत. ते सुईवर पाड.

आणि हात थांबल्यावर पुढचा शॉट कुठला यावर फार विचार कर. साधारण शंभर वर्षांपूर्वी लेव कुलेशोव्ह नावाच्या रशियन दिग्दर्शकाने एकाच नटाचा तोच निर्विकार चेहरा एकदा सुपाच्या बशीला जोडून दाखवला, एकदा शवपेटीला, आणि बघणाऱ्यांना एकदा त्या चेहऱ्यावर भूक दिसली, एकदा दुःख. शिकवलंच असेल तुम्हाला वर्गात, परीक्षेत लिहिलं पण असशील. पण एडिटिंगच्या टाइमलाइनवर बसल्यावर आपण ते विसरतो. तुझ्या टीझरमध्ये थांबलेल्या हातानंतर मिरवणूक येते, त्यामुळे मला पहिल्यांदा वाटलं आजीला सणाची आठवण आली! तिथे ओहोटीतली होडी लाव, चिखलात एका कुशीवर कललेली, तुमच्याकडे तो शॉट आहे, १ मिनिट ३० सेकंदांच्या आसपास तू तो जेमतेम एक सेकंद वापरलायस. हात, होडी, पुन्हा हात. झालं की, एक शब्द न बोलता सगळं कळलं. नवऱ्याचा हार घातलेला फोटो मात्र लावू नकोस, तो लावला की आपण बघणाऱ्याचा हात धरून त्याला नेतोय असं होतं.

फ्लेमिंगो. मला माहितीय तो ड्रोन शॉट तुम्ही पहाटे उठून नेरुळला जाऊन घेतलाय आणि सुंदर आलाय, त्यात वाद नाही. पण फिल्म नारळी पौर्णिमेच्या आसपास घडते ना? म्हणजे श्रावण. आणि आपल्या खाडीतले बहुतेक फ्लेमिंगो पाऊस लागायच्या सुमाराला निघून जातात, परत यायला थंडी लागते. शिवाय ती पाणथळ जागा ठाणे-नवी मुंबईतल्या कुणालाही ओळखू येते, मागे सीवूड्सचे टॉवर दिसतात, चेंदणीची ती खाडी नाही हे कोळीवाड्यातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. ज्यांची गोष्ट आपण सांगतोय त्यांनीच समोर बसून "हे कुठलं हो" म्हटलं तर? मला तरी ते लागेल. फिल्ममध्ये तो शॉट असेल तर आता लॉक झालीय, राहू दे, पण टीझरमधून काढ. डिरेक्टरला सांग की तो शॉट मेकिंगच्या व्हिडिओत वापरू, वाया नाही जाणार.

अजून एक शॉट काढायचाय आणि याच्यावर मी अडून बसणार आहे. १ मिनिट २० ला लेडीज डब्यात एक बाई खिडकीला डोकं टेकून झोपलीय, मोठा क्लोजअप. ती तुमची आर्टिस्ट नाहीये हे कळतं. तिला माहितीय का? मिरवणुकीतली गर्दी वेगळी, तिथे माणसं स्वतःहून रस्त्यावर नाचायला आलेली असतात. पण दिवसभर राबून घरी जाणारी बाई तोंड उघडं टाकून झोपलीय आणि तिचा चेहरा कुठल्या तरी कॉलेजच्या पेजवर फिरतोय, हे तिच्या मुलाला दिसलं तर त्याला कसं वाटेल? विचारलं असेल आणि ती हो म्हणाली असेल तर माझं काही म्हणणं नाही. नसेल विचारलं तर शॉट कितीही छान असू दे.

आता म्युझिक. तात्पुरतं लावलंय म्हणतेस, पण हे तात्पुरतं म्युझिक फार चिवट असतं बरं का, नऊ व्हर्जन त्याच्यावर कापल्यावर कानाला दुसरं काही गोडच लागत नाही, आणि मग शेवटच्या रात्री "जाऊ दे, दहा सेकंदांपर्यंत चालतं" असं कुणीतरी म्हणतं. तसं काही नाहीये. दहा सेकंद चालतात, तीस सेकंद चालतात, खाली "कॉपीराइट मोडायचा हेतू नाही" असं लिहिलं की चालतं, यातलं काहीही कायद्यात नाही. आपला कॉपीराइटचा कायदा १९५७चा आहे, त्यात विद्यार्थ्यांना, परीक्षणाला वगैरे काही सवलती आहेत, पण दुसऱ्याचं म्युझिक घेऊन आपल्या फिल्मची जाहिरात करायची याला त्या पुरणार नाहीत असंच धरून चाल. कायदा बाजूला ठेवला तरी यूट्यूबला अपलोड केल्या केल्या त्यांची सिस्टीम ते ओळखू शकते आणि मग व्हिडिओ ब्लॉक होऊ शकतो नाहीतर आवाज उडवावा लागू शकतो, नेमका फेस्टिव्हलच्या आदल्या दिवशी.

मग तुम्ही म्हणाल कोळीगीत टाकू, ते तर लोकगीत आहे. तिथे पण थांब. आपण लोकगीत समजून लग्नात नाचतो त्यातली कितीतरी कोळीगीतं कुणीतरी बसून लिहिलेली आहेत, कुणीतरी चाल लावलीय, आणि रेकॉर्डिंग कुठल्या तरी कंपनीचं आहे. अभंगाचंही तसंच, तुकोबांचे शब्द सगळ्यांचे आहेत पण अमक्या गायकाने गायलेलं रेकॉर्डिंग सगळ्यांचं नाही, रेकॉर्डिंगचा हक्क ६० वर्षं चालतो. गाणं हवंच असेल तर आजीचं काम केलेल्या काकूंनाच विचार की त्यांची आई जात्यावर किंवा जाळं विणताना काय म्हणायची. दोन ओळी, मोबाइल जवळ धरून, पंखा बंद करून रेकॉर्ड कर, आणि कशासाठी वापरणार ते त्यांना नीट सांग.

पण खरं सांगू का, मला वाटतं तुम्हाला म्युझिक लागतच नाही. स्क्रीन पालथी ठेवून ऐकलं तेव्हा त्या धडाम धडामच्या खाली, जिथे जिथे ते जरा कमी होतं तिथे, मला लांबून लोकल ऐकू आली. कळव्याकडे जाणारी गाडी खाडीच्या पुलावर चढली की तिचा खडखडाट एकदम पोकळ होतो, तू रोज त्याच गाडीने जातेस, तुला सांगायला नको. तो आवाज त्या घरात दिवसभर असणार. नवरा होता तेव्हाही होता, होडी पाण्यात होती तेव्हाही होता. सुरुवातीला काळ्या स्क्रीनवर तोच आवाज ठेव, मग सुईचा, दोऱ्याचा, पाण्याचा, आणि हात थांबला की एकेक आवाज काढत जा, शेवटी फक्त खोलीची शांतता. शांतता म्हणजे ट्रॅक रिकामा सोडू नकोस हां, रिकामा ट्रॅक हॉलमध्ये मेल्यासारखा वाटतो, लोकांना वाटतं वायर निघाली. लोकेशनवर रूम टोन, म्हणजे कुणी बोलत नसतानाचा खोलीचा नुसता आवाज, घेतला असेल तर तो लाव, नसेल घेतला तर त्याच घरात जाऊन एक मिनिट कुणीही न बोलता रेकॉर्ड करून आण, चेंदणी तुला स्टेशनपासून चालत आहे.

आवाजाच्या लेव्हलचं पण बघ. तुझं मीटर सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकाच रेषेत लालजवळ चिकटलंय, मग शेवटचा घाव मोठा वाटणार कसा, सगळंच मोठं आहे. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाज एकूण किती मोठा वाटतो त्याचं माप) वर गेलेलं स्वतःहून खाली ओढतं, त्यामुळे किंचाळून काही फायदा होत नाही. पीक, म्हणजे सगळ्यात मोठा आवाज, उणे १ डीबीच्या आत ठेव आणि बोलणं स्पष्ट ठेव. आणि फेस्टिव्हलच्या आधी एकदा त्या हॉलमध्ये जाऊन पेन ड्राइव्हवरून लावून बघ, नातवाचं "पन्नास हजार देतोय तो" हे वाक्य शेवटच्या रांगेत कळलं पाहिजे, कॉलेजच्या हॉलचे स्पीकर बोलणं गिळतात. ते एक वाक्य गेलं की टीझर गेला.

टेक्निकलच्या दोन-तीन गोष्टी भराभर सांगते. मिरवणुकीत बँजो पथकातल्या ढोलवाल्याची काठी आधी पडते आणि आवाज मागून येतो, ते मोबाइलचं फुटेज आहे ना? मोबाइल बहुतेक वेळा फ्रेम रेट (सेकंदाला किती फ्रेम) एकसारखा ठेवत नाही, कमीजास्त करतो, म्हणून टाइमलाइनवर आवाज सरकतो. हँडब्रेक नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, त्यातून कॉन्स्टंट फ्रेम रेट निवडून फाइल पुन्हा काढून घे आणि मग वापर. रात्रीच्या खोलीतल्या शॉटमध्ये ट्यूबलाइटचे पट्टे सरकतायत, ते शटरमुळे, आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची आहे म्हणून अशा लाइटखाली शटर १/५० किंवा १/१०० सेकंदावर ठेवायचं असतं, आता इलाज नाही, तो शॉट टीझरला नको. आणि मधे ज्या सात इंग्लिश पाट्या टाकल्यात, "वन बोट, वन फॅमिली, वन डिसिजन", त्या सगळ्या काढ ग. आजीच्या थांबलेल्या हाताने जे सांगितलं तेच पाटी पुन्हा सांगतेय, आणि तिच्याएवढं चांगलं सांगत नाहीये.

नावाचं मात्र नीट सांगते कारण त्याचा मला त्रास झाला. शेवटी फिल्मचं नाव येतं त्यातलं जोडाक्षर फुटलंय, पाय मोडलेला वेगळा आणि पुढचं अक्षर वेगळं, आणि वेलांटी भलत्याच अक्षरावर बसलीय. इतकी मेहनत करून मराठी फिल्मचं नाव मराठीतच चुकीचं दिसावं हे बरोबर नाही. प्रीमिअर या एडिटिंग सॉफ्टवेअरच्या प्रेफरन्सेसमध्ये ग्राफिक्सच्या खाली टेक्स्ट इंजिन असतं, ते साउथ एशियनवर टाक, बंद करून चालू कर, आणि नाव नव्याने टाइप कर, अक्षरं जुळून येतील. फॉन्टसाठी मुक्ता बघ किंवा बलू बघ, दोन्ही मुंबईच्या 'एक टाइप' नावाच्या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेने केलेले आहेत आणि मोकळ्या लायसन्सचे आहेत, पैसे पडत नाहीत. आणि नावात ल किंवा श असेल तर तो मराठी वळणाचा आहे की हिंदी वळणाचा तेही बघ, शाळेत पाटीवर गिरवलेला ल कसा होता आठव. हे कुणाच्या लक्षात येत नाही असं लोक म्हणतात. चेंदणीतल्या आजीच्या लक्षात येईल.

उभं व्हर्जन करणार असशील, करावंच लागेल, तर आडवा टीझर नुसता कापून उभा करू नकोस. १९२० बाय १०८० मधून उभा तुकडा काढला तर रुंदी जेमतेम ६०७ पिक्सेल उरते, ताणून ताणून फाटतो. फोर केमध्ये शूट केलं असेल तर प्रश्न नाही, तिथे १२१५ मिळतात. एकेक शॉट हाताने बसव, हातांचा क्लोजअप उभ्यात उलट जास्त छान दिसेल.

राहिला डिरेक्टर. त्याच्याशी वाद घालू नकोस, तो मित्र आहे तुझा आणि १८ मिनिटं त्याने डोक्यात वागवलीयत, प्रत्येक शॉटच्या मागे त्याला ती पहाट, तो पाऊस, कुणाच्या घरचा चहा असं सगळं दिसतं. तुला पण दिसतं, सहा जणांनाही दिसतं, म्हणून तर मित्रांना "भारी" वाटलं, त्यांनी तुमची मेहनत बघितली. म्हणून दोन कट कर. एक त्याचा, मनापासून, अगदी चांगला करून, मुद्दाम वाईट करू नकोस. आणि एक हा ४५ सेकंदांचा. मग तिघं-चौघं असे शोधा ज्यांना फिल्मबद्दल काहीच माहीत नाही, मावशी, क्लासमधली ज्युनिअर, तुमच्या बिल्डिंगचे वॉचमन काका, कुणीही. एकाला एकच दाखवा. आणि कसा वाटला असं विचारूच नका, "पुढे काय होईल असं वाटतं?" एवढंच विचारा आणि गप्प बसा. डिरेक्टर शेजारी बसलेला असू दे. ज्या कटनंतर लोक "ती विकेल का हो?" असं तुम्हालाच उलट विचारतील तो कट तुमचा. आणि हे सगळं करूनही तो म्हणाला की मला कुऱ्हाड दाखवायचीच आहे, तर फिल्म त्याची आहे, शेवटचा शब्द त्याचा. तू तुझं म्हणणं पूर्ण मांडलंस, हातात कट घेऊन मांडलंस, एवढं तुझ्याकडून झालं पाहिजे.

१२ दिवस पुष्कळ आहेत. पहिले दोन फक्त रशेस बघण्यात घालव, काही कापू नकोस. नऊही व्हर्जन ठेव, दोन वेगळ्या ड्राइव्हवर.

आणि हो, काकूंना फेस्टिव्हलच्या आधी टीझर दाखवा, त्यांच्या घरी जाऊन, मोबाइलवर नको, लॅपटॉपवर. नवीन कट झाला की मला पाठव, व्हॉट्सॲपवर पाठवणार असशील तर डॉक्युमेंट म्हणून पाठव, व्हिडिओ म्हणून पाठवलास तर तो सगळं दाबून टाकतो आणि मला त्या बोटावरचा दोरा दिसणार नाही.